जुन्या फियाट मोटारीची रचना व निगा

आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक फियाट मोटार आहे. ती घेऊन आम्ही शाळेच्या आवारांत शिरलों, म्हणजे विद्यार्थ्यांचा घोळका तिच्याभोंवतीं जमतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "सर, ही अजून चालते कशी?" या प्रश्नाचें उत्तर मधल्या सुटींत देतां येण्यासारखें नाहीं, म्हणून वार्षिकासाठीं लेख मागण्यांत आला तेव्हां तेंच उत्तर सविस्तर लिहावें असें आम्हीं ठरविलें. या उत्तरांत आमच्या एका चुकीची हकीकतहि आहे, व ती पालकांच्या कानांवर जावी अशी आमची इच्छा आहे.

प्रथम या गाडीचें कुळ पाहूं. इटलींतील तुरीन शहरच्या फियाट कारखान्यानें 1953 सालीं '1100' या नांवाची नव्या बांधणीची लहान मोटार बाजारांत आणली. दांते जाकोसा हे तिचे मुख्य रचनाकार. आपल्याकडे सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रिमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली होती; तिच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांत पुढें ही गाडी तयार होऊं लागली. 1964 पासून ती 'डिलाइट' व 1974 पासून 'प्रिमियर पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन-तीन पिढ्यांनीं जी पाहिली, ती हीच. तिचें उत्पादन थांबून आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची टॅक्सीहि नाहींशी झाली. घरोघरीं जतन केलेल्या गाड्या मात्र अजून धांवत आहेत.

तिचें बॉनेट उघडलें म्हणजे पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही, कीं आंत सर्व कांहीं डोळ्यांस दिसतें व हातास लागतें. मध्यभागीं एका ओळींत चार सिलिंडर असलेलें इंजिन आहे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, आणि त्यांत वर-खालीं होणाऱ्या पिस्टनची, म्हणजे दट्ट्याची, धांव 75 मिलिमीटर. इयत्ता नववीच्या मुलांनीं या दोन आंकड्यांवरून चारी सिलिंडरांचें घनफळ काढून पाहावें. उत्तर सुमारें 1089 घनसेंटिमीटर येईल. '1100' हें नांव येथूनच आलें आहे.

या दट्ट्याचें काम चार पावलांत होतें. तो खालीं जातो तेव्हां हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. वर येतो तेव्हां तें दाबलें जातें. मग ठिणगी पडून मिश्रण पेटतें व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर येतांना तो जळालेला धूर बाहेर लोटतो. या चार पावलांपैकीं एकच कमाईचें. बाकीचीं तीन तयारीचीं व साफसफाईचीं. संसाराचा हिशेबहि बहुधा असाच असतो!

आतां निगेकडे वळूं. इंजिनाची सेवा करणारे चार सेवक आहेत: तेल, पाणी, ठिणगी आणि इंधन. या चौघांकडे लक्ष दिलें, तर इंजिन सहसा दगा देत नाहीं.

तेलाचें काम केवळ गुळगुळीतपणा आणण्याचें नाहीं. फिरणाऱ्या दोन धातूंच्या मध्यें तें एक पातळ पडदा धरतें, उष्णता वाहून नेतें व झिजेचा गाळ आपल्यांत घेतें. म्हणून तें काळें होतें, आणि म्हणूनच तें ठराविक अंतरानंतर बदलावें लागतें. तेल पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद करावें, कांहीं मिनिटें थांबावें, तेल मोजण्याची पट्टी ओढून फडक्यानें पुसावी, पुन्हां आंत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. तें दुधाळ, चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें व गाडी न चालवितां मिस्त्रीस बोलवावें.

पाणी इंजिनाभोंवतीं खेळून रेडिएटरमध्यें येतें, तेथें पंख्याच्या वाऱ्यानें निवतें व पुन्हां आंत जातें. पंखा व पाण्याचा पंप हे एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात, आणि बॅटरीसाठीं वीज निर्माण करणारा डायनॅमोहि त्याच पट्ट्यावर चालतो. तो तुटला कीं गाडी तापते आणि बॅटरीहि उतरूं लागते. पट्टा मधोमध अंगठ्यानें दाबून पाहावा. तो सुमारें अर्धा इंच दबावा. त्याहून सैल असेल तर तो घसरतो, फार ताठ असेल तर बेअरिंगें खातो. रेडिएटरचें झांकण गरम गाडीवर कधींहि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें तें शंभर अंशांच्या वर तापलेलें असूं शकतें. झांकण निघतांच तें उसळून तोंडावर येतें. तसेंच तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. गरम कांचेचा पेला थंड पाण्यानें कां तडकतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें कारण निराळें सांगावयास नको.

ठिणगीचा हिशेब ऐकून विद्यार्थी चकित होतात. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असतां चार सिलिंडरांस मिळून दर सेकंदास शंभर ठिणग्या लागतात! हा पुरवठा डिस्ट्रिब्यूटर नांवाच्या डबींतून होतो. तिच्यांत दोन लहान टिकल्या एकमेकींस लागतात व सुटतात. त्यांस 'पॉइंट' म्हणतात. त्या सुटल्या म्हणजे त्यांच्यामधील अंतर सुमारें अर्धा मिलिमीटर असावें लागतें. टिकल्या जळून खडबडीत झाल्या कीं सकाळीं गाडी सुरू होण्यास कुरकुर करते. बारीक कानशीनें त्या साफ कराव्या, अंतर पात्याच्या मापानें तपासावें, व वारंवार तक्रार येऊं लागली तर नव्या बसवाव्या. प्लग काढून पाहणें हें तर वैद्यानें जीभ पाहण्यासारखें आहे. त्याच्या टोंकाचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर प्रकृति उत्तम. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा इंजिन फाजील तापत आहे.

इंधनाविषयीं एक गोष्ट आपल्या वडिलांच्या काळीं नव्हती. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण आपल्या देशांत वाढत जाऊन 2025 सालीं वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पडदे अशा मिश्रणासाठीं केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा ओढतें. म्हणून पेट्रोलच्या नळ्या नव्या जातीच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्या, आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवूं नये. गरम इंजिनावर थेंब थेंब गळणारें पेट्रोल म्हणजे आगीस आमंत्रण होय.

इंजिनाची शक्ति क्लच व गिअर यांमधून मागच्या चाकांस जाते. येथें एकच सूचना पुरे: गाडी चालतांना क्लचवर पाय विसांवूं देऊं नये, तो झिजून लवकर निकामी होतो. पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरण्याचीं तोंडें असतात, त्यांत वेळच्यावेळीं ग्रीस गेलें नाहीं तर सुकाणू जड होतें व सांधे खिळखिळे होतात. मागील बाजूस लोखंडी पाटे आहेत. एखादा पाटा तुटला आहे काय, हें गाडी एका बाजूस कलली आहे कीं काय यावरून ओळखतां येतें. गाडीखालीं शिरावयाचें असेल तर केवळ जॅकच्या भरंवशावर कोणींहि शिरूं नये. खालीं भक्कम आधार दिल्यावांचून हात घालूं नये.

आतां राहिला ब्रेक. आणि येथेंच आमच्या चुकीची हकीकत येते.

ब्रेकची रचना पास्कलच्या नियमावर उभारलेली आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व बाजूंस सारखा पोंचतो. पायानें पायटा दाबला कीं मुख्य सिलिंडरांतील तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे ढकललें जातें. तेथें तें ब्रेकच्या जोड्या पसरवितें आणि त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमला आंतून घांसून गाडी थांबवितात. द्रव दाबला जात नाहीं, म्हणूनच हें सर्व घडतें. वायु मात्र दाबला जातो. त्या नळ्यांत वायु शिरला कीं पाय खालीं जातो, पण चाक थांबत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्ही आई व दोन मुलें यांस घेऊन नगरहून कल्याणकडे एका लग्नास निघालों होतों. माळशेज घाट उतरतांना आम्ही गाडी वरच्या गिअरांतच ठेविली व वेग आवरण्यासाठीं ब्रेकवर सारखा पाय धरला. थोड्या वेळानें जळकट वास येऊं लागला. तो पुढच्या ट्रकचा असावा अशी आम्हीं समजूत करून घेतली. एका वळणावर पाय दाबला, तों पायटा तळाशीं गेला. पुढें रस्त्याच्या कडेस करवंदें विकणाऱ्या बायका-मुली बसल्या होत्या. कर्णा वाजवीत आम्हीं गाडी खालच्या गिअरांत टाकली, हातब्रेक ओढला व डोंगराच्या बाजूच्या मातीस गाडी घांसली. त्या मुली करवंदांचे द्रोण टाकून बाजूला धांवल्या. गाडी थांबली तेव्हां पहिला द्रोण पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर होता. देवाच्या कृपेनें कोणास इजा झाली नाहीं.

मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. त्यानें सर्व पाहिलें व विचारलें, "गुरुजी, ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, कारण सहा-सात वर्षांत आम्हीं तें बदललेंच नव्हतें. तो पुढें म्हणाला, "ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही." अर्ध्या तासानें ब्रेक निवले व पायटा पुन्हां पूर्ववत् टणक लागूं लागला, तरी उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरांत, पायीं चालणाऱ्याच्या चालीनें उतरलों.

घडलें तें असें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. साधारण जातीचें नवें तेल सुमारें 205 अंश सेल्सिअसला उकळतें. परंतु त्यांत तीन-चार टक्के पाणी मुरलें कीं तेंच सुमारें 140 अंशांस उकळूं लागतें. सतत घांसून तापलेल्या ड्रमची उष्णता त्या तेलास पोंचली, तें उकळलें, नळींत वाफ झाली. वाफ दाबली गेली आणि पायटा तळास गेला. थंड झाल्यावर वाफेचें पुन्हां द्रव झालें, म्हणून ब्रेक परत आला. ज्या आम्हीं त्याच वर्षीं वर्गांत पाण्याचा उत्कलनबिंदु फळ्यावर लिहून दाखविला होता, त्याच आम्हांस आपल्या गाडींत तो प्रयोग घडेल असें एकदांहि सुचलें नाहीं! फळ्यावरील ज्ञान व हातांतील ज्ञान यांमध्यें किती अंतर असूं शकतें, हें त्या दिवशीं कळलें.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक वही आहे. तीत दर शनिवारीं आमचीं मुलें तेल, पाणी, पट्टा, टायरांतील हवा व ब्रेक ऑईलची पातळी पाहून नोंद करतात. ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं पूर्ण बदलतों, व त्याची तारीख लाल शाईनें लिहितों. ब्रेक ऑईलची पातळी उतरूं लागली तर नुसती भर घालून आम्ही स्वस्थ बसत नाहीं. लायनर झिजले आहेत कीं कोठें गळती आहे, हें शोधून काढतों. या सर्वांस आठवड्यांतून पंधरा मिनिटें पुरतात. त्यासाठीं लागणारीं साधनें म्हणजे एक फडकें, एक हवेचें माप आणि लक्ष.

तर विद्यार्थिमित्रहो, "ही अजून चालते कशी?" याचें उत्तर हें, कीं ती आपोआप चालत नाहीं. तिच्या बांधणाऱ्यांनीं ती अशी बांधली, कीं साध्या माणसानें तिला समजून घ्यावें. आणि समजून घेण्याचें काम त्यांनीं आपल्यावर सोंपविलें. पालकांस आमची विनंति एवढीच, कीं घरांत अशी जुनी गाडी, स्कूटर किंवा निदान शिवणयंत्र असेल, तर त्याची देखभाल करतांना मुलांस व मुलींस जवळ बसवावें. हात काळे होतील. ते साबणानें धुतां येतात. येत्या सुटींत कोणी घाट उतरणार असेल, तर निघण्यापूर्वीं वडिलांस किंवा काकांस आदरपूर्वक एक प्रश्न विचारावा: ब्रेकचें तेल शेवटचें केव्हां बदललें?