रोजचा ताण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताण म्हणजे आजार, आणि मनाने खंबीर असलेल्याला तो येतच नाही, हा सर्वांत रूढ गैरसमज. प्रत्यक्षात ताण ही शरीराची जन्मजात तयारी आहे. समोर धोका किंवा आव्हान दिसताच मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून संदेश सुटतो. मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आधी ॲड्रेनॅलिन आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, साठवलेली साखर रक्तात येते, पचन मंदावते. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या छोट्या टिपणापासून या प्रतिक्रियेचा पद्धतशीर अभ्यास वाढत गेला. प्रसंग टळला की ही यंत्रणा आपोआप निवते आणि त्यातून काहीही बिघडत नाही. बिघडते ते तिला निवण्याची उसंतच न मिळाल्यास. आठवडेच्या आठवडे हीच अवस्था राहिली तर झोप विस्कटते, रक्तदाब चढतो, प्रतिकारशक्ती घटते. तेव्हा ताण आला की नाही यापेक्षा तो उतरायला वाव मिळतो की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा.

दुसरा समज असा, की ताण हा मोठ्या हुद्द्याच्या माणसांचा, अंगमेहनत करणारा मात्र दमून सुखाने झोपतो. लंडनच्या सरकारी नोकरांवरील ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात उलटच चित्र दिसले. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिपटीने अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही हा फरक पुरता सुटत नव्हता. पुढील अभ्यासांतून त्याचे एक कारण पुढे आले: कामाची मागणी मोठी, पण त्या कामावर स्वतःचा ताबा नाही.

नागपूरजवळच्या कामठीत हे समजायला फार दूर जावे लागत नाही. कन्हानच्या काठी १८२१ साली वसलेल्या या छावणीच्या गावात विणकरांचे माग आले, बिडीकामही रुजले. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायचे आणि हजारी दराने मजुरी घ्यायची. दर ठरवणारा दुसरा, पत्ता देणारा दुसरा, बिड्या नापास करणाराही दुसरा. उद्या काम मिळेल की नाही, हेही बिडी वळणाऱ्याच्या हातात नाही. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नको’ सांगणे निरर्थक आहे, कारण त्याने ते घेतलेलेच नसते, व्यवस्थेने त्याच्यावर टाकलेले असते. कामठीचेच बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी मध्यप्रांतातील बिडी कामगारांना संघटित केले. १९३७ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. ताणनिवारणाच्या पुस्तकांत असे काम सहसा नोंदवले जात नाही, पण ताणाच्या मुळाशी हात घालणारा तोही एक उपाय आहे, आणि कष्टकऱ्यांच्या बाबतीत कदाचित पहिला. पुढे १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

लवचीकता, म्हणजे धक्का पचवून पुन्हा उभे राहण्याची ताकद, उपजत असते असेही मानले जाते. स्वभावाचा वाटा आहेच, पण तेवढेच नाही. हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातले कलह, पालकांचा आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे भरवशाचे किमान एक मोठे माणूस: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. सोबतीचे हे महत्त्व लष्करातही दिसते. लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र कामठीतच आहे. सैनिकी प्रशिक्षणात नवख्याला एकटे सोडून कणखर केले जात नाही. कष्ट पायरीपायरीने वाढवले जातात, तेही सोबत्यांच्या बरोबरीने.

विदर्भात ज्या समजाने सर्वांत जास्त नुकसान केले, तो खर्र्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडात टाकला की डोके हलके होते, असे खाणारे मनापासून सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. ते उतरू लागले की चिडचिड आणि बेचैनी वाढते. पुढची पुडी ही बेचैनी शमवते आणि ताण गेल्याचा भास होतो. मूळचा ताण जिथल्या तिथे राहतो, वर निकोटिनने आणलेला नवा ताण दिवसातून अनेकदा येत राहतो. धूम्रपान सोडणाऱ्यांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. सोडल्यानंतर चिंता, उदासी आणि ताण घटल्याचे त्यात दिसले. सुपारीमुळे तोंड उघडेनासे होण्याचा विकार होतो आणि तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, हे वेगळेच. दारूचेही असेच: झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

राग भांडी आपटून बाहेर काढला की मन मोकळे होते, हेही प्रयोगांत टिकलेले नाही. त्याने राग बहुधा वाढतो. विश्वासातल्या माणसाशी बोलणे ही वेगळी गोष्ट, आणि ती उपयोगी आहे.

ध्यानाबद्दल दोन टोकांचे समज आहेत: ते थोतांड आहे, किंवा ते सगळ्यावर औषध आहे. कामठीत १९९९ मध्ये ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार उभे राहिले आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात विपश्यना केंद्राचे उद्घाटन झाले. नियमित ध्यानाने अस्वस्थता मध्यम प्रमाणात कमी होते, याला पुरावा आहे. तरी तीव्र मानसिक आजारात दीर्घ मौनशिबिर त्रास वाढवू शकते. म्हणूनच दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराचा पूर्वेतिहास विचारला जातो.

ताणाला तोंड देण्याच्या पद्धतींची रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये केलेली विभागणी इथे कामाची आहे. बदलता येण्याजोग्या गोष्टीत प्रश्नालाच हात घालावा: थकलेल्या हप्त्याबद्दल बँकेशी बोलणे, कामाची वाटणी करणे. घरातल्या असाध्य दुखण्यासारख्या न बदलणाऱ्या गोष्टीत मात्र भावना सांभाळाव्यात. त्यासाठी संथ श्वास, त्यातही उच्छ्वास लांबवणे, रोज चालणे आणि ठरल्या वेळी झोपणे हे साधे उपाय खरोखर काम करतात. मे महिन्यात नागपूर परिसरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा चालणे पहाटेच बरे. तापलेल्या रात्रीच्या अर्धवट झोपेने वाढलेली चिडचिड स्वभावदोष समजू नये.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे, हा शेवटचा गैरसमज अनेकांना मदतीपासून दूर ठेवतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली, कशातच रस वाटेना, काम जमेना, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटले तर एक दिवसही थांबू नये. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध असते.