मृग ठरल्या तारखेला, मग पोळा का हलतो?

यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी दोन तारखांकडे डोळे लावून असतो. मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागते. पोळा मात्र २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. पंचांग एकच, मग हा फरक का?

पावसाची नक्षत्रे सूर्यावरून ठरतात. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ‘मिरग लागला’. पोळा असतो श्रावण अमावास्येला, म्हणजे तो चंद्रावरून ठरतो. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सौर वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे चांद्र सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात.

हे असेच चालू राहिले असते, तर पोळा कधी ऐन उन्हाळ्यात आला असता. हिजरी कालगणनेत ही दुरुस्ती नाही, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपल्याकडे तूट भरून काढतो तो अधिक मास. सूर्य दर महिन्याला रास बदलतो, तीच संक्रांत. ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण आला आणि पोळा थेट सप्टेंबरात गेला. १९ वर्षांत असे ७ अधिक मास येतात आणि दोन्ही गणिते जवळपास जुळतात.

मृगाची तारीखही कायमची अचल नाही. नक्षत्रे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जातात आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो. त्यामुळे ऋतूंच्या तुलनेत मृग सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतो.

पण कोरडवाहू कपाशीसाठी खरी अडचण वेगळीच आहे. मृग लागला याचा अर्थ सूर्य ठरल्या जागी पोहोचला, एवढाच. विदर्भात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास येतो, आणि त्यातही मागेपुढे होते. पहिल्या सरीवर सरकी टोबली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पंचांगाने तयारीला लागावे. पेरावे ते ओल पाहूनच.