मोबाइलवरची आरोग्यमाहिती: परिणाम मोजायचा कसा?
जांबोटीच्या जंगलपट्ट्यात कुणाला साप चावला, तर बेळगावचं मोठं रुग्णालय गाठायला वेळ लागतो. तोवर घरचे काय करतात, यावर पुष्कळ अवलंबून असतं आणि हल्ली ते मोबाइलवर पाहूनही ठरतं. त्यामुळे एखादा व्हिडिओ किती जणांनी पाहिला, या आकड्यावर समाधान मानणं चूक आहे. पाहणाऱ्याला नीट समजलं का, धीर आला का, डॉक्टरांना काय विचारायचं ते सुचलं का, हे मोजायला हवं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यासाठी ३७ विधानांची ‘ई-हेल्थ इम्पॅक्ट’ प्रश्नावली तयार केली: ११ विधानं इंटरनेटवरच्या आरोग्यमाहितीविषयीच्या एकूण मताची, २६ नुकत्याच पाहिलेल्या संकेतस्थळाविषयीची.

यावर रास्त आक्षेप असा, की धीर खोट्या माहितीनेही येतो. चावलेल्या जागेच्या वर दोरी करकचून बांधा, असं सांगणारा व्हिडिओही आत्मविश्वास देतोच. म्हणून भावनेच्या प्रश्नांना कृतीचे प्रश्न जोडावेत: दोरी बांधाल, की हातपाय न हलू देता तडक दवाखाना गाठाल? हे माहिती पाहण्याआधी, नंतर आणि काही आठवड्यांनी विचारावं, शिवाय ती न पाहिलेल्यांच्या उत्तरांशी ताडावं. नाहीतर फरक व्हिडिओमुळे पडला की गावातल्या आशा कार्यकर्तीने समजावल्यामुळे, ते कळणार नाही. फक्त रुग्णाला विचारूनही भागत नाही. आजीला मोबाइल वाचून दाखवतो नातू, गाडी ठरवते सून. त्यांची भीती आणि जबाबदारी निराळी, म्हणून त्यांना स्वतंत्र प्रश्न हवेत.