क्रोशाचा खांब आणि त्याचें मोल

श्रोतेहो, क्रोशाच्या विणकामावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें याचें कित्येकांस नवल वाटेल. हा विषय बायकांचा, असें म्हणून पुरुषमंडळी वर्तमानपत्र उघडणार असतील, तर त्यांनीं तें खुशाल उघडावें. मात्र हिशेबाचा भाग येईल तेव्हां कान इकडे द्यावे, एवढीच विनंति.

आमच्या फलटणांत हल्लीं घरच्या पुढच्या खोलींतच शिवणयंत्र आणि दोऱ्याचे गुंडे मांडून उद्योग चालविणाऱ्या स्त्रिया आहेत. बाळंतविड्यांतलीं झबलीं, टोपडीं, कुंच्या आणि दुपटीं, रुखवतांत मांडावयाचे रुमाल, दाराचीं तोरणें, पिशव्या, गोधड्या, असा त्यांचा माल असतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें असेंच घर आहे. मागें एकदां मी तेथें बसलों असतां एक सधन घरच्या बाई रुमाल पाहावयास आल्या. रुमाल वीतभर रुंदीचा, वाटोळा, पांढऱ्या सुताचा. किंमत अडीचशें रुपये. बाई म्हणाल्या, “अग, बाजारांत याच्याहून मोठा शंभराला मिळतो.” ही म्हणाली, “तो यंत्राचा असतो काकू, हा हाताचा आहे.” त्यावर बाईंनीं विचारलें, “असेना! दोरा लागला असेल साठ रुपयांचा. हाताला काय पैसे पडतात?” रुमाल विकला गेला नाहीं, हें सांगावयास नकोच.

या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर आधीं क्रोशाचें काम म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. ‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहानसा आंकडा. टोंकाशीं आंकडा असलेली एक सुई आणि एक अखंड दोरा एवढेंच याचें साहित्य. दोऱ्याचा एक फांसा करावयाचा, त्यांतून आंकड्यानें दुसरा फांसा ओढून घ्यावयाचा, त्यांतून तिसरा. ही झाली साखळी. साखळीच्या घरांत सुई घालून दोरा ओढला आणि सुईवरचे दोन्ही फांसे एकदम सोडविले कीं मुका खांब होतो; सुईवर आधीं एक वेढा घेऊन दोन टप्प्यांत सोडविले कीं खांब. एवढ्या तीन अक्षरांवर सारी बाराखडी उभी आहे.

दोन सुयांच्या विणकामांत एका ओळींतले सगळे टांके एकाच वेळीं सुईवर जिवंत असतात. प्रत्येक टांक्यास एकेक लहान आंकडा दिला, तर ती सबंध ओळ यंत्राला उचलतां येते, आणि इंग्लंडांत विल्यम ली यानें १५८९ सालींच मोजे विणण्याचा तसा माग तयार केला होता. क्रोशाचें तसें नाहीं. येथें कोणत्याहि क्षणीं जिवंत फांसा बहुधा एकच असतो, आणि सुई पुढच्या टांक्यासाठीं विणलेल्या भागांत कोठेंहि शिरूं शकते: मागच्या ओळींत, दोन खांबांच्या मधल्या पोकळींत, वाटल्यास पांच ओळी मागें. तें ठिकाण डोळ्यानें हेरावें लागतें आणि बोटानें चांचपावें लागतें. म्हणून बाजारांत ‘क्रोशाची लेस’ या नांवानें जी वारांनीं विकली जाते ती क्रोशासारखी दिसणारी, पण निराळ्याच रीतीनें अनेक दोरे एकमेकांत गुंतवून केलेली यंत्राची वीण असते. गंमत अशी कीं अशा एका जातीच्या यंत्रांस ‘क्रोशे-यंत्र’ असेंच म्हणतात! खरा क्रोशा यंत्रानें विणण्याचे प्रयत्न अलीकडे कोठें कोठें प्रयोगशाळांतून होऊं लागले आहेत. बाजारांत आज जो खरा क्रोशा आहे तो हातचाच आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या क्रोशाच्या रुमालाचें शेवटचें टोंक शोधून त्याची गांठ सोडली आणि दोरा ओढला, तर खांबामागून खांब ओळीनें उसवत सुरुवातीपर्यंत जातो, कारण सगळा रुमाल म्हणजे एकच दोरा. यंत्राची लेस अशी उसवत नाहीं. अर्थात् ही परीक्षा दुकानांत करूं नये. तेथें उलटी बाजू पाहावी आणि दोन फुलें शेजारीं शेजारीं धरून पाहावीं. हाताच्या कामांत तीं सख्ख्या बहिणींसारखीं दिसतात, जुळ्यांसारखीं नव्हे.

या कामास दोरा लागतो तो बहुधा सुताचा. आमच्या फलटण-माण भागांत धनगरांचीं मेंढरें आहेत, मग लोकरीचें काम कां नाहीं, असें कोणी विचारील. दख्खनी मेंढीची लोकर राठ; तिच्यापासून पाऊस झेलणारें घोंगडें उत्तम होतें, पण तान्ह्या मुलाच्या गालाशीं ती धरवत नाहीं. टोपड्याची मऊ लोकर बाहेरून येते. सुती दोरा मात्र दाहक क्षाराच्या पाण्यांत ताणून धरून चकचकीत केलेला असतो. क्षाराचा हा गुण जॉन मर्सर या इंग्रजानें १८४४ च्या सुमारास शोधून काढला. ताणून धरल्यानें चकाकी येते हें पुढें दुसऱ्यांनीं दाखविलें.

आतां गणित. वाटोळा रुमाल सपाट कां बसतो? प्रत्येक फेरीबरोबर त्रिज्या एका खांबाच्या उंचीनें वाढते. मग परिघ वाढला पाहिजे त्या उंचीच्या दुपटीस बावीस सप्तमांशानें गुणून, म्हणजे उंचीच्या सवासहा पटींहून किंचित् अधिक. मुका खांब जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून दर फेरीस सहा मुके खांब वाढवावे लागतात. खांब हा रुंदीच्या सुमारें दुप्पट उंच, म्हणून दर फेरीस बारा. आमच्या आज्यांना परिघाचें सूत्र ठाऊक नव्हतें, पण बारा हा आंकडा त्यांच्या बोटांत होता. बारापेक्षां कमी वाढविले तर कडा आंत वळते आणि वाटी होते. टोपडें असेंच होतें, डोक्याएवढी चकती झाली कीं वाढविणें थांबवावयाचें. बारापेक्षां अधिक वाढविले तर कडेला जागा पुरत नाहीं आणि झालर उठते. प्रत्येक फेरीस ठराविक पटीनें टांके वाढवीत गेलें तर काय होईल? १९९७ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत दाइना ताइमिन्या या लाट्वियन गणितज्ञ बाईंनीं तसें विणून पाहिलें आणि युक्लिडच्या भूमितीबाहेरचें पृष्ठ विद्यार्थ्यांच्या हातांत ठेवलें. त्या पृष्ठावर एका रेषेबाहेरच्या बिंदूंतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा काढतां येतात. कागदाची प्रतिकृति सहज फाटे; क्रोशाची टिकली.

हिशेबाचा भाग म्हणालों तो आतां आला. पहिल्या फेरींत बारा खांब, दुसरींत चोवीस, तिसरींत छत्तीस. वीस फेऱ्यांच्या भरीव रुमालांत एकंदर खांब २,५२० होतात. सरावलेला हात मिनिटास बारा खांब घालतो असें धरलें तर २१० मिनिटें, म्हणजे साडेतीन तास. कडेचीं कमानी, टोंकें दडविणें, धुणें आणि खळ देणें धरून चार तास. अडीचशांतून दोऱ्याचे साठ वजा जातां उरले एकशें नव्वद. म्हणजे तासास साडेसत्तेचाळीस रुपये. शेतांत खुरपणीस जाणाऱ्या बाईची मजुरी तासावर काढून श्रोत्यांनीं ती या आंकड्याशेजारीं ठेवावी. आणखी एक गोष्ट. चाळीस फेऱ्यांचा टेबलावरचा रुमाल घेतला तर खांब होतात ९,८४०. रुंदी दुप्पट झाली, काम जवळजवळ चौपट झालें. गिऱ्हाईक मात्र दुप्पट किंमत ऐकूनच कपाळाला आंठ्या घालतें, आणि विणणारीहि पुष्कळदां दुपटीच्याच हिशेबानें भाव सांगून बसते. मोठ्या कामांत बायका बुडतात त्या अशा.

हें नुकसान सहन होतें तें ‘फावला वेळ’ या दोन शब्दांमुळें. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला, तेव्हां तेथील जोगिणींच्या मठांतून गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकविली गेली आणि त्या लेसवर कितीतरी कुटुंबें जगलीं. तेथें त्यास कोणी विरंगुळा म्हटलें नाहीं. आपल्याकडे आंध्रांत नरसापूर भागांत एकोणिसाव्या शतकांत मिशनरी कुटुंबांकडून ही कला आली. तेथील बायका दिवसाचे कित्येक तास लेस विणीत, तिचा मोठा व्यापार होई, आणि तरीहि त्यांची गणना घरीं बसलेल्या गृहिणींत होत असे. मारिया मीस या जर्मन विदुषीनें १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत हें सगळें मांडलें आहे. विणणारी स्वतःस कामगार मानीत नव्हती, म्हणून व्यापाऱ्यासहि तसें मानण्याचें कारण पडलें नाहीं. महाराष्ट्रांत दोघी रमाबाईंनीं सुईकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. केडगांवास पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत आणि पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनांत शिवण शिकविलें जाई तें बाईला आपल्या पायांवर उभें करण्यासाठीं. पुढें मात्र मुलींच्या शाळांतून शिवण-टिपण उरलें तें पुष्कळसें लग्नाच्या बाजारांतलें एक लक्षण म्हणून, असें मला वाटतें.

शिवणाची गोष्ट थोडी वेगळी. तेथें यंत्रानें हाताचें काम खरोखर हलकें केलें आहे. हाताच्या सुईचें नेढें मागें असतें. यंत्राच्या सुईचें नेढें टोंकाशीं आणून वरचा दोरा खालच्या दोऱ्यांत अडकविण्याची रीत अमेरिकेंत एलियस हो यानें १८४६ सालीं आपल्या नांवें नोंदविली, आणि टीप मारणें मिनिटांचें काम झालें. शिवणाऱ्या बाईचें कौशल्य आतां बेतण्यांत आहे. कापडाचा उभा धागा कोणता, आडवा कोणता, तिरकें कापलें तर तें कोठें ताणेल, हें कात्री लावण्यापूर्वीं ठरतें. तान्ह्या मुलाच्या झबल्यास गुंड्यांऐवजीं बंद, आणि शिवण उलटी, म्हणजे बाहेरच्या अंगाला. या जुन्या रीती शहाणपणाच्या होत्या. झबल्यास क्रोशाची कड लावावयाची असेल तर कापड आणि दोरा दोन्ही आधीं भिजवून आंटवून घ्यावे, नाहींतर पहिल्या धुण्यांत गळा चुरमडतो. आणि मुलाचे पायमोजे जाळीदार विणूं नयेत. इवलें बोट सैल फांशांत अडकून करकचतें. तेथें दाट मुका खांबच घालावा, दिसावयास कसाहि दिसो.

गोधडीवर तर स्वतंत्र भाषण व्हावें. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून कडेकडेनें धावदोरा घालीत मध्याकडे जावयाचें, एवढीच तिची रीत; पण वापरून मऊ झालेल्या लुगड्याची ऊब नव्या कापडास येत नाहीं. नव्या चिटाच्या, यंत्रानें टिपलेल्या गोधड्या हल्लीं पुष्कळ निघतात. त्या सुबक असतात. माझें मत जुन्यांच्या बाजूनें आहे.

फलटणांत ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा पुष्कळांस ठाऊक आहे. जिच्या नांवानें ती चालते त्या कमलाबाई जन्मानें अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं व्यवसायोपचाराचें शिक्षण त्यांनीं सुरू केलें. आजारानें किंवा अपघातानें लुळ्या पडलेल्या हातास विणणें, शिवणें, सूत काढणें अशा कामांतून पुन्हां वळण लावावयाचें, हा त्या शास्त्राचा एक जुना मार्ग. क्रोशा विणतांना डाव्या हाताची तर्जनी दोरा ताणून धरते, अंगठा व मधलें बोट काम पकडतात, उजवें मनगट सुई फिरवितें. ज्यानें दुखावलेला हात सुधारतो तें काम हाताला शिणवितेंहि, हें मात्र विसरूं नये. रोज सहा तास विणणारीचें मनगट सायंकाळीं काय बोलतें तें तिलाच विचारावें.

माझ्या विद्यार्थिनीनें आतां वही घातली आहे. एका रकान्यांत दोरा, कापड, वीज, दुसऱ्यांत तास. मोठे रुमाल ती मागणी आणि आगाऊ रक्कम आल्याशिवाय घेत नाहीं. बाळंतविडे बाराहि महिने चालतात, त्यांवर तिचा भर आहे. शेजारच्या माण तालुक्यांत म्हसवडला १९९७ सालीं ग्रामीण स्त्रियांसाठीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. शिवणयंत्रासारख्या लहान भांडवलासाठीं घरांतल्या पुरुषापुढें किंवा सावकारापुढें हात पसरावा लागूं नये, हा अशा संस्थांचा मोठा उपयोग. पण कर्ज मागावयास जावें तों पहिला प्रश्न येतो तो हिशेबाचाच, आणि तासांचा रकाना रिकामा असेल तर उद्योग नफ्यांत आहे कीं तोट्यांत, हें विणणारीसच कळत नाहीं.

ज्यांच्या घरीं असे रुमाल आहेत त्यांच्यासाठीं एक सूचना करून थांबतों. क्रोशाचा रुमाल कोमट पाण्यांत साबणाच्या फेसांत बुडवून दाबावा, पिळूं नये. पातळ खळींतून काढल्यावर पाटावर पंचा अंथरून त्यावर तो हातानें ताणीत वाटोळा बसवावा, कडेच्या प्रत्येक कमानीस न गंजणारी टांचणी लावावी आणि सावलींत वाळूं द्यावा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या भारानें लांबट होतो, आणि मग बिचाऱ्या विणणारीच्या नांवानें बोटें मोडलीं जातात.