नवस आईचा, आयुष्य लेकीचं : श्रद्धेचा हक्क नेमका कुणाचा?

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की सौंदत्तीच्या वाटेवर गर्दी सुरू होते. कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लज, निपाणीकडून एसटी भरभरून भाविक यल्लम्माच्या डोंगरावर येतात. कपाळाला भंडारा, डोक्यावर जग, हातात परडी, सोबतीला चौंडक्याचा आवाज. पुढं माघ पौर्णिमेपर्यंत डोंगर गजबजलेला असतो. सीमाभागात कुणी घरात मराठी बोलो की कन्नड, यल्लम्मा दोघांचीही आई. या भक्तीला नावं ठेवायचा हेतू या लेखाचा नाही.

पण याच भक्तीच्या आडून एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घरात आजारपण आलं, मूल जगेना, मुलीच्या डोक्यात जट आली, की आईबापानं नवस बोलायचा आणि पोरीला देवीला सोडायचं. तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधायचं. एकदा दर्शन बांधलं की तिचं लग्न देवीशी लागलं, माणसाशी लग्न करायची वाट बंद. पुढं जोगवा मागणं, कुणा पैसेवाल्यानं ठेवणं, किंवा थेट मुंबई-पुण्याच्या वस्तीत विकलं जाणं, हे अनेकींच्या वाट्याला आलं. सोडलेल्या मुली बहुतेक करून गरीब आणि दलित घरांतल्या. हा योगायोग नव्हे.

या प्रथेला कायद्यानं बंदी आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरीही विषय निघाला की कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "आमची श्रद्धा, आमचा देव, सरकारला काय करायचंय मधे?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. घटनेनं खरोखरच धर्मस्वातंत्र्य दिलंय. मग बंदी घालणारा कायदा त्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करतो का? हे नीट समजून घेऊ.

घटना काय म्हणते?

धर्मस्वातंत्र्याचा मुख्य आधार म्हणजे राज्यघटनेचं कलम २५. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रचार करण्याचा हक्क त्यात सगळ्यांना सारखा दिलेला आहे. इथं एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हा हक्क 'सर्व व्यक्तींना' आहे. म्हणजे तो बापाला आहे तसाच लेकीलाही आहे. घराला, भावकीला किंवा गावाला मिळून दिलेला हा एक हक्क नव्हे. देवस्थानं आणि पंथ यांना आपला कारभार बघण्याचा वेगळा हक्क आहे, तो कलम २६ मध्ये.

दुसरी गोष्ट, कलम २५ ची सुरुवातच अटीनं होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांना बाध न येता हा हक्क वापरायचा आहे. त्याच कलमात पुढं समाजकल्याण आणि समाजसुधारणेसाठी कायदे करायची मुभा सरकारला दिली आहे.

ही मुभा आपोआप आलेली नाही. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांचा मसुदा तयार होत असताना राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता या दोघींनी धर्म 'आचरण्याच्या' मोकळ्या हक्काला हरकत घेतली होती. पडदा, बहुपत्नीत्व, मुलींना देवळात वाहणं अशा चाली धर्माच्या नावावर चालतात, आचरणाला सरसकट संरक्षण दिलं तर पुढं सुधारणेचे कायदेच अडकतील, ही त्यांची काळजी होती. हंसा मेहता बडोद्याच्या दिवाणांच्या कन्या, पुढं तिथल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. म्हणजे मुली देवाला सोडण्याचा प्रश्न घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होता.

कायदे आले कसे?

घटनेच्या आधीही प्रयत्न झाले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्येच जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळं तो कायदा सौंदत्तीलाही लागू होता. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. प्रथा मात्र दोन्हीकडं चालूच राहिली. सोडणारी घरं एका राज्यात आणि डोंगर दुसऱ्या राज्यात, अशी गत झाली.

कर्नाटकानं १९८२ मध्ये स्वतःचा कायदा केला, तो १९८४ पासून अमलात आला. मुलीची संमती असो वा नसो, तिला देवदासी म्हणून सोडणं बेकायदा आणि रद्दबातल, असं त्यात स्पष्ट म्हटलं. सोडलेल्या बाईला लग्न करता येतं, तिचं लग्न आणि तिची मुलं कायदेशीर, हेही ठरवलं. सोडण्याचा विधी करणाऱ्याला किंवा त्यात भाग घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. सोडणारे आईबाप, पालक किंवा नातेवाईक असतील तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. महाराष्ट्रानं २००५ मध्ये वेगळा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा केला.

तरी सगळं संपलं असं नाही. कर्नाटक सरकारनं १९९३-९४ आणि २००७-०८ अशी दोनदा पाहणी केली. दोन्ही मिळून ४६ हजारांवर देवदासींची नोंद झाली, आणि त्यातला निम्मा आकडा दुसऱ्या पाहणीतला आहे.

नवस कुणाचा, फेडायचा कुणी?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. श्रद्धा हा वैयक्तिक हक्क आहे हे मान्य. पण वैयक्तिक म्हणजे ज्याची त्याची. मला बरं वाटावं म्हणून मी पायी सौंदत्तीला जाईन, दंडवत घालीन, उपास करीन. तो माझा नवस आणि माझेच पाय. मला बरं वाटावं म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलीचं अख्खं आयुष्य वाहून टाकलं, तर नवस माझा आणि फेडणारी ती. इथं माझा धर्मस्वातंत्र्याचा हक्क संपतो, कारण तिथून तिचा सुरू होतो. तिनं देवी मानायची का, कशी मानायची, लग्न करायचं का, हे तिनं ठरवायचं आहे. तिला कळायला लागायच्या आत ते दुसऱ्यानं ठरवलं, तर श्रद्धेचा हक्क मोडला जातो तो तिचा.

"मग हे हिंदूंच्याच मागं का?" असंही विचारलं जातं. तसं नाही. जैन समाजात लहान मुलांना दीक्षा देण्यावरून बडोद्यात मोठा वाद झाला होता. १९३० च्या दशकात सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानानं अल्पवयीनांच्या संन्यासदीक्षेला कायद्यानं बंदी केली. संन्यासाला त्या कायद्याचा विरोध नव्हता. आयुष्यभराचा निर्णय ज्याचा त्यानं जाणत्या वयात घ्यावा, इतकंच म्हणणं होतं.

हक्क व्यक्तीचा मानला की तो दुसऱ्या बाजूनंही कामाला येतो. केरळात १९८५ मध्ये 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं. ती मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहायची, फक्त गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. बहुसंख्य लोकांना ते पटलं नसेल. पण त्यांच्या न गाण्यानं दुसऱ्या कुणाचं काही हिरावलं जात नव्हतं. पोरीला देवीला सोडण्यात मात्र सगळं काही हिरावलं जातं, आणि तेही दुसऱ्याचं.

अवघड प्रश्नही आहेत, ते लपवू नयेत. जाणत्या माणसानं स्वतःच्याच बाबतीत टोकाचं व्रत घेतलं तर काय? जैनांच्या संथारा व्रताला राजस्थान उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये गुन्हा ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे स्वतःपुरत्या व्रतावर न्यायालयांनाही पटकन एकमत करता येत नाही. दुसऱ्यावर, त्यातही लहान मुलीवर लादलेल्या व्रताबाबत तशी अडचण नाही.

नीतिमत्ता कुणाची?

कलम २५ मध्ये 'नीतिमत्ता' हा शब्द आहे. ती कुणाची धरायची? गावाची धरली तर गंमत बघा. ज्या जोगतिणीला शुभकार्यात मान देऊन बोलवायचं, तिच्या परडीत पीठ-मीठ घालून पाया पडायचं, तिच्याच पोराला शाळेत बापाचं नाव विचारून खजील करायचं. सोडणारा बाप धार्मिक, ठेवणारा पुरुष प्रतिष्ठित आणि वाईट चालीची ठरते ती बाई. अशा नीतिमत्तेच्या तराजूत हक्क तोलायचे तर दुबळ्याचं पारडं कायम वरच राहणार.

२०१८ मध्ये शबरीमलाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की इथं नीतिमत्ता म्हणजे घटनेची नीतिमत्ता : समता, स्वातंत्र्य आणि माणसाची प्रतिष्ठा. त्या निकालातून निघालेले प्रश्न पुढं नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं गेले, तेव्हा ही चर्चा तिथंच मिटली असं म्हणता येत नाही. पण देवदासीच्या प्रश्नात घटनेची नीतिमत्ता काय सांगते, याबद्दल संशयाला जागा नाही. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना कलम २३ नं वेगळी बंदी आहेच.

कायदा कुठं कमी पडतो?

कायद्याची बाजू बरोबर आहे म्हणून तो पुरेसा आहे असं नव्हे. सोडणाऱ्या आईबापाला शिक्षा जास्त, हे तत्त्व म्हणून ठीक. पण आपल्याच आईला जेलात पाठवायला तक्रार कुठली लेक देणार? त्यामुळं विधी डोंगरावरून उठला आणि घरात, शेतातल्या छोट्या देवळात, रात्री गुपचूप होऊ लागला. शिवाय नवस बोलणारी आई पुष्कळदा स्वतःच लहानपणी सोडलेली असते. म्हातारपणी बघायला कुणी नाही, पोटाला काही नाही, म्हणून ती एका लेकीला घरात ठेवते. तिथं श्रद्धेपेक्षा पोटाची चिंता मोठी असते. पेन्शन, घर, जमीन, मुलांचं शिक्षण यांच्याशिवाय नुसत्या कलमांनी ही साखळी तुटत नाही.

आणखी एक चूक आपण सुधारणावाले करतो. साठीच्या जोगतिणीला "परडी टाकून दे, दर्शन तोडून टाक" म्हणून सांगायला जातो. दर्शन गळ्यात पडलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ते काढतानाही विचारायचं नाही? तिला देवी मानायची असेल तर तो तिचा हक्क आहे, इतर कुणाही भाविकाइतकाच. कायद्यानं बंदी घातली आहे ती मुलीला वाहण्यावर. यल्लम्माच्या भक्तीवर कुणीही बंदी घातलेली नाही.

आपण काय करू शकतो?

मुलीच्या डोक्यात जट दिसली तर तो देवीचा कौल नव्हे. केस न विंचरल्यानं, नीट न धुतल्यानं, तेल-मळ साचल्यानं ते गुंततात. सुरुवातीला ते सोडवता येतात, नाहीतर कापता येतात, आणि टाळूला जखम किंवा संसर्ग असेल तर डॉक्टरला दाखवावं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक वर्षं जटा सोडवण्याचं काम करत आले आहेत. जट कापल्यावर कोप होतो ही भीती खोटी आहे हे कापून घेतलेल्या बायकाच सांगतात.

अल्पवयीन मुलीला सोडण्याची तयारी चाललीय अशी कुणकुण लागली तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवता येतं. तातडीची वेळ असेल तर ११२. दर्शन बांधून झाल्यावर हळहळण्यापेक्षा आधी केलेला एक फोन बरा.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "आमची श्रद्धा आहे", तर भांडायला जाऊ नका. शांतपणे एवढंच विचारा, "तुमची आहे, मान्य. पण पोरीला विचारलंत का?"