सातेरी मधमाशी: धोके व संवर्धन

सातेरी मधमाशी (एपिस सेराना इंडिका) ही भारतातील स्थानिक मधमाशी असून ती झाडांच्या ढोल्या, भिंतींतील पोकळ्या अशा अंधाऱ्या जागी एकापेक्षा अधिक समांतर पोळी बांधते. उघड्यावर एकच पोळे बांधणाऱ्या आग्या व फुलोरी माश्यांच्या उलट ती लाकडी मधपेटीत पाळता येते. महाबळेश्वर परिसरातील मधमाशीपालन मुख्यतः याच माशीवर अवलंबून आहे.

धोके

रोग: थाई सॅकब्रूड हा विषाणू १९७६ साली थायलंडमध्ये आढळला. १९९१-९२ पासून दक्षिण भारतात त्याची मोठी साथ पसरून सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. रोगट अळीचे कोशात रूपांतर होत नाही; तिच्या त्वचेची द्रवाने भरलेली पिशवी बनते व अळी मरते. या रोगावर खात्रीशीर औषध नाही.

कीटकनाशके: इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड रसायने वनस्पतीच्या रसात भिनून मकरंद व परागकणांत उतरतात. अल्प मात्रेनेही माशीची दिशा ओळखण्याची क्षमता मंदावते. युरोपीय संघाने २०१८ साली अशा तीन रसायनांच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी घातली. कांद्याच्या बीजोत्पादनात परपरागण आवश्यक असल्याने फुलोऱ्यातील फवारणीने शेतकऱ्याचेही नुकसान होते.

अधिवासाचा ऱ्हास: जांभूळ, हिरडा, गेळा यांसारखी झाडे तुटल्यास मकरंदाचा क्रम खंडित होतो. जुनी ढोलीची झाडे गेल्यास घरट्यांच्या जागाही संपतात.

चुकीची मधकाढणी: पोळे पिळून मध काढल्यास अळ्या मरतात. पावसाळ्यात सह्याद्रीत मकरंद दुर्मिळ असतो. सर्व मध काढून घेतल्यास वसाहतीची उपासमार होते किंवा माश्या पेटी सोडून निघून जातात.

उपाय

फुलोऱ्यात फवारणी टाळणे, अपरिहार्य असल्यास ती माश्या परतल्यावर सायंकाळी करणे आणि मधपाळांना आधी कळवणे, हे उपाय कमी खर्चाचे आहेत. मधयंत्राने मध काढल्यास पोळे शाबूत राहते. पावसाळ्यापुरता मध पेटीत ठेवावा लागतो.

साथीच्या भागातून पेट्या वा वसाहती आणणे टाळावे. रोगट वसाहतीत राणीमाशीला काही काळ पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवतात, त्यामुळे संसर्गाची साखळी तुटण्यास मदत होते. साथीतून वाचलेल्या वसाहतींपासून पैदास केल्यास प्रतिकारक्षम माश्या वाढू शकतात. त्यामुळे रानातील नैसर्गिक वसाहती आणि त्यांच्या ढोलीची झाडे राखणे हा संवर्धनाचा महत्त्वाचा भाग आहे.