घास आणि श्वास

गिळणे ही क्रिया इतकी सहज घडते की तिच्यामागील गुंतागुंत आपल्या ध्यानीही येत नाही. घास घशातून उतरताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरील झडप मिटते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. अनेक स्नायूंचे हे काम सुमारे एका सेकंदात पार पडते. हा ताळमेळ बिघडला की अन्न वा पाणी श्वासनलिकेत शिरते आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. गिळण्यातील अशा अडचणीस वैद्यकशास्त्रात ‘डिस्फेजिया’ म्हणतात. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश व घशाचा कर्करोग ही तिची प्रमुख कारणे होत.

घशात नेमके काय घडते, हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांनी बेरियममिश्रित घास गिळतानाची क्ष-किरण चलत्‌चित्रे घेऊन तपासण्याची पद्धत रूढ केली. १९८३ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८८ मध्ये सुसान लँगमोर व सहकाऱ्यांनी नाकावाटे दुर्बीण घालून तपासण्याची पद्धत मांडली. अशा तपासण्यांतून एक गंभीर बाब स्पष्ट झाली : काही रुग्णांच्या श्वासनलिकेत पाणी जाते, तरीही त्यांना ठसका लागत नाही. ठसका नाही म्हणजे धोका नाही, असे मानता येत नाही.

उपचारांत हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, मानेच्या स्नायूंचे व्यायाम आणि पातळ पदार्थ दाट करून देणे यांचा समावेश होतो. मात्र एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही. कंपवात व स्मृतिभ्रंशाच्या ५१५ रुग्णांवरील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हनुवटी झुकवून पिणारे व दाट द्रव घेणारे यांच्यातील न्यूमोनियाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट दाट द्रव घेणाऱ्यांत शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण अधिक दिसले. म्हणूनच उपाय तज्ज्ञांनी तपासणीअंती ठरवावा.

आजाऱ्याच्या मुखी दोन घोट पाणी घालणे, ही आपल्याकडील मायेची रीत. पक्षाघाताच्या रुग्णाबाबत मात्र ही माया घातक ठरू शकते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्याला तोंडावाटे काहीही देऊ नये. घरातील ज्येष्ठांना जेवताना वारंवार ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा वा ओलसर होणे, जेवण लांबणे, वजन घटणे किंवा वरचेवर ताप येणे, ही लक्षणे ‘वयोमानाचे’ म्हणून सोडून न देता वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.